गोष्टीत मूल आहे, पण गोष्ट मुलासाठी आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. रात्री झोपताना तिला सांगितलेल्या बारा गोष्टी तुम्ही लिहून काढल्यात. सगळ्या गोष्टींत नायिका तीच, नावही तिचंच. घरातल्या मोठ्यांना आणि मैत्रिणींना त्या फार आवडल्या, एका मावशींच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच गोष्टी लेकीच्या वर्गात वाचून दाखवल्या तेव्हा दुसऱ्या गोष्टीलाच मुलांची चुळबुळ सुरू झाली. नंतर एका प्रकाशकाकडून बाडही परत आलं. तुम्ही विचारता, भाषा अवघड झाली का? बोध कमी पडला का? आणि वयोगट कोणता टाकायचा?

मी एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यानंतर अकरा वर्षं मुलांच्या एका मासिकाचं संपादन केलं. टपालाने आलेल्या गोष्टी वाचणं हेच माझं रोजचं काम होतं. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण बोधाची नाही, आणि भाषेचीही तुम्हाला वाटते तशी नाही. तुम्ही मुलीबद्दल लिहिलंत, आणि मनात नकळत ऐकायला बसले होते मोठे. म्हणून मावशी रडल्या आणि मुलं कंटाळली. दोघांनीही तुम्हाला खरं तेच सांगितलं.

तुम्ही नमुन्याला पाठवलेली ही दोन वाक्यं घ्या:

‘चिमुकली मनू आपल्या इवल्याशा पावलांनी दुडुदुडु धावत दाराशी आली. तिच्या निरागस डोळ्यांत आतुरता दाटून आली होती.’

हे कोण बघतंय? पाच फुटांवरून खाली बघणारी आई. सहा वर्षांच्या मुलीला स्वतःची पावलं इवलीशी वाटत नाहीत, तिला गेल्या वर्षीचा बूट चावतो. ती चिमुकली नसते. चिमुकली म्हणजे अंगणवाडीतली पोरं, जी अजून नाक पुसायला ताईकडे जातात. आणि आपले डोळे निरागस आहेत असं म्हणणारं मूल मला तरी अजून भेटलेलं नाही. हे सगळे शब्द आपल्या मायेचे आहेत. माया खरी आहे, पण ती वाचताना मुलाला वाटतं की दोन मोठी माणसं आपल्या डोक्यावरून बोलताहेत.

आता त्याच गोष्टीत पुढे काय होतं ते बघा. आई भाजी घ्यायला दारात जाते, वाऱ्याने दार बंद होतं, आतली कडी पडते. मनू आत एकटी. तुम्ही लिहिलंय, ‘मनूने कसाबसा दरवाजा उघडला आणि आईच्या कुशीत शिरली.’ माझ्या मते खरी गोष्ट त्या ‘कसाबसा’मध्ये दडलेली आहे, आणि ती एका शब्दात संपली. मी ती उलगडून बघितली:

‘कडी वर होती. मनूने हात लांब केला. एक बोट लागलं. कडी हलली नाही. मनूने पाट ओढत आणला. पाटावर चढली. आता दोन बोटं लागली. बाहेरून आई म्हणाली, “मनू, घाबरू नकोस हं.” मनू घाबरली नव्हती. ती तांदळाच्या डब्याकडे बघत होती.’

यात तिच्या डोळ्यांचं वर्णन नाही, पण ते डोळे कुठे लागलेत हे कळतं. वर्गात हे वाचलंत तर कोणीतरी नक्की ओरडेल, ‘डबा पालथा घाल!’ किंवा ‘आधी तांदूळ काढ!’ गोष्ट मुलासाठी झाली की नाही हे मी अशा ठिकाणी ओळखते. मुलाला गोष्टीत हात घालावासा वाटला पाहिजे.

मुलांबद्दल लिहिणं कमी प्रतीचं, असं मात्र समजू नका. मराठीत त्याची मोठी परंपरा आहे. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आपलं लहानपण सांगतो. म्हणजे सांगणारा मोठा, बरेचसे ऐकणारेही मोठे, आणि जे लहानपणी कळलं नव्हतं ते आता कळल्याचं दुःख त्या सांगण्यात आहे. मुलांनी ती पिढ्यान्पिढ्या वाचली, पण तिचा गळा भरून येतो तो मोठ्या माणसाचा. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ १९९४ साली आलं. तिथे तर बोलतो लंपनच, लहान मुलगा, त्याच्याच भाषेत, मागे वळून बघणारा मोठा माणूस कुठेही मध्ये न येता. तरी ते पुस्तक प्रौढांनी प्रौढ साहित्य म्हणून वाचलं. तेव्हा निवेदक लहान ठेवला म्हणजे बालसाहित्य झालं असं नसतं, आणि निवेदक मोठा आहे म्हणून मुलं वाचणार नाहीत असंही नसतं. तुमच्या बारापैकी चार-पाच गोष्टी, विशेषतः ती बाळंतपणाची आणि ती शाळेच्या पहिल्या दिवसाची, या आईच्या गोष्टी आहेत. त्या तशाच राहू द्या. एखाद्या दिवाळी अंकासाठी ललित लेख म्हणून त्या उभ्या राहतील. त्यांना मुलांच्या पुस्तकात कोंबू नका, इतकंच.

हे मला पुस्तकं वाचून कळलेलं नाही, वर्गात कळलं. माझी सवय अशी की लिहिलेलं काहीही आधी मुलांना वाचून दाखवायचं, आणि जिथे मुलांची नजर खिडकीकडे जाईल तिथे समासात पेन्सिलीने फुली मारायची. का गेली हे त्या वेळी शोधायचं नाही, फक्त फुली. एकदा मी आजोबा वारल्याची गोष्ट लिहिली होती. नातवाच्या दुःखावर अर्धं पान होतं, आणि मला ते फार चांगलं साधलंय असं वाटत होतं. चौथीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. आजोबा आजारी पडले, दवाखान्यात नेलं, इथपर्यंत वर्ग गप्प. ते अर्धं पान आलं आणि एकामागून एक माना वळल्या. मी वाचून संपवलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या ओळीतला एक मुलगा उभा राहिला नि म्हणाला, ‘बाई, मग त्यांची काठी कुठंय आता?’

मला उत्तर माहीत नव्हतं. काठी पहिल्याच पानावर होती, मीच लिहिली होती, आणि आजोबा गेल्यावर मी तिला विसरले होते. मुलं विसरली नव्हती. घरी जाऊन मी ते अर्धं पान काढलं. त्या जागी एवढंच आलं: काठी दाराच्या मागे उभी असते. कोणी तिला हात लावत नाही. पावसाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी खाली येते, तेव्हा आई इकडेतिकडे बघते, काठी आणते आणि दोरीला लावते. नातू शाळेतून येतो आणि बघतो. पुढच्या वर्षीच्या चौथीला हे वाचलं तेव्हा फुली मारावी लागली नाही. एक मुलगी म्हणाली, ‘आमच्यात चष्मा आहे तसा.’

मुलांना दुःख चालतं, मरणही चालतं. दुःखाचं निरूपण चालत नाही. त्यांना वस्तू द्या, ती पुढे कुठे गेली ते सांगा.

आता बोधाविषयी. आपल्याकडे गोष्ट संपली की ‘तात्पर्य’ लिहायची सवय शाळेनेच लावली आहे, आणि मीही ती वर्षानुवर्षं लावली. तिचा परिणाम असा की तात्पर्य आलं म्हणजे गोष्ट संपली, दप्तर भरा, असं मुलांना कळतं. मी एकदा तात्पर्य न सांगता थांबले तर दुसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तात्पर्य सांगा ना, म्हणजे संपेल.’ तिला गोष्ट संपवायची परवानगी हवी होती. त्या दिवशी मी तात्पर्य सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत त्यांच्यातच वाद सुरू होता, कोल्ह्याचं बरोबर की बगळ्याचं. एवढा वेळ माझ्या कुठल्याही तात्पर्यावर कोणी घालवला नव्हता.

बोध नकोच असं मी म्हणणार नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्याला मुलांनी चांगलं व्हावं असं वाटतंच, मलाही वाटतं. पण तो घडणाऱ्या गोष्टीतून यावा. तुमच्या सातव्या गोष्टीत मनू मैत्रिणीचा खोडरबर घरी आणते, मग आजी तिला जवळ घेऊन अर्धं पान समजावते. आजीचं बोलणं काढा. खोडरबर मनूच्या कंपासमध्ये राहू द्या. दुसऱ्या दिवशी मैत्रीण शेजारी बसली आहे, शुद्धलेखन चुकलंय, आणि मनूला कंपास उघडता येत नाहीये. ती थुंकी लावून बोटाने खोडते आणि वहीला भोक पडतं. एवढं पुरे आहे. चोरी म्हणजे काय हे त्या भोकातून मुलांना आजीपेक्षा नीट कळेल.

चुळबुळीचं आणखी एक कारण मला तुमच्या गोष्टींच्या घडणीत दिसतं. प्रत्येक वाक्यात नवीन काहीतरी आहे. आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा वापरू नये. लहान मुलांच्या गोष्टीत हे उलटं आहे. चिऊ-काऊची गोष्ट आठवा. शेणाचं घर वाहून जातं, काऊ दार वाजवतो, आणि चिऊ म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. मग अंग पुसू दे. मग तीट लावू दे. मग झोपवू दे. ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ ही हाक तीच राहते, उत्तरातली एकच गोष्ट बदलते. आणि जी बदलते ती ऐकणाऱ्या बाळाच्या रोजच्या ओळखीची, त्याच क्रमाने. म्हणून दीड-दोन वर्षांचं पोर पुढचं उत्तर आधीच सांगतं. बाहेर पाऊस चालूच आहे, हे कोणी सांगत नाही, पण प्रत्येक ‘थांब’बरोबर काऊ अजून भिजतो. इतकी चोख रचना कुणा एकाची नाही, कितीतरी आयांनी-आज्यांनी ती घासून घासून गुळगुळीत केली आहे. मनूच्या कडीच्या गोष्टीत एक बोट, दोन बोटं, असं जे मी केलं ते तिथूनच आलंय. तिसऱ्यांदा काय होणार याची मुलांनी वाट बघावी म्हणून.

(आमच्या घरी त्या गोष्टीत शेवटी काऊला चटका बसायचा. हल्ली पुष्कळ पालक तो भाग गाळतात. मी गाळत नाही, पण तुमची मुलगी झोपताना त्याने घाबरत असेल तर गाळा. हे ज्याच्या त्याच्या मुलावर आहे.)

वयोगट आणि भाषा. इथे मला नक्की आकडा देता येणार नाही, कारण तो परिस्थितीवर अवलंबून आहे. ऐकण्याचं वय आणि स्वतः वाचण्याचं वय यांत दोन-तीन वर्षांचं अंतर असतं. ज्या घरात रोज वाचून दाखवतात तिथलं पहिलीतलं मूल लांबलचक गोष्ट ऐकून घेतं, आणि ज्या घरात छापील कागद फक्त किराण्याच्या पुडीला येतो तिथल्या तिसरीतल्या मुलालाही दोन ओळी लागोपाठ वाचताना दम लागतो. दोघंही तितकीच हुशार असतात. तेव्हा आधी ठरवा, हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचंय की मुलाने एकट्याने वाचायचंय. तुमच्या गोष्टी सांगण्यातून आलेल्या आहेत, त्यामुळे पहिला पर्याय तुम्हाला सोपा जाईल.

अवघड भाषा म्हणजे जोडाक्षरं, असं बहुतेकांना वाटतं. मला तसं दिसलेलं नाही. ‘म्हणाली’, ‘त्याच्या’, ‘दुसऱ्या’ हे शब्द मराठीत टाळताच येत नाहीत आणि दुसरीतली मुलं ते अख्खे ओळखून पुढे जातात. तुमच्या त्या दोन वाक्यांत बघा: चिमुकली, निरागस, आतुरता, एकातही जोडाक्षर नाही, आणि मुलं अडखळतील ती इथेच. वाचता येईल, पण डोळ्यांसमोर काही उभं राहणार नाही.

‘गेले, केले’ लिहावं की ‘गेलं, केलं’, हेही तुम्ही विचारलंय. वाचून दाखवण्याच्या गोष्टीत मी बोलण्यातली रूपं ठेवते, कारण वाचणारा तोंडाने तसंच वाचतो. मात्र एका गोष्टीत सरमिसळ नको. बोलीतले शब्द बिनधास्त येऊ द्या. आमच्याकडे विदर्भातून एक गोष्ट आली होती, तिच्यात मुलं जांब चोरायला जातात. कार्यालयात सूचना आली की ‘पेरू’ करा. मी ‘जांब’च ठेवलं आणि चित्रकाराला पेरू नीट काढायला सांगितलं. पुण्या-मुंबईच्या मुलांना नवा शब्द मिळाला, आणि तिकडच्या मुलांना आपल्या घरातला शब्द छापलेला दिसला. त्याचं मोल फार असतं. आमच्या शाळेत ‘व्हय’ म्हणणारी मुलं पुस्तकापुढे गप्प बसायची, ती का गप्प बसतात हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

छपाईचं फार सांगत नाही. पण एक बघाच: संगणकावरचे बरेच टंक (फाँट) ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे देतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही अक्षरं मराठी वळणाची ठरवून दिली आहेत आणि मुलं शाळेत तीच गिरवतात. पहिलीतल्या मुलाला पुस्तकातला ‘ल’ वेगळा दिसला की ते थबकतं, आणि आपल्याला वाटतं त्याला वाचता येत नाही. बारा गोष्टींचं एक पुस्तक करण्यापेक्षा एका गोष्टीचं सोळा पानी चित्रपुस्तक करा, ते एका फर्म्यात, म्हणजे छापून घडी घातलेल्या एका मोठ्या कागदात, बसतं. चित्र जे सांगणार आहे ते वाक्यात पुन्हा लिहू नका. मासिकाकडे पाठवायचं असेल तर त्याचे निदान सहा-सात अंक आधी वाचा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. कोणत्या वयाला किती लांबीची गोष्ट देतात याचा अंदाज त्याच्या अंकांवरून चांगला येईल.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही ते. नवव्या गोष्टीत मनू अंथरुणात शू करते. नाव खरं, शाळेचं नाव खरं, बाईंचंही नाव खरं. गोष्ट प्रेमाने लिहिली आहे यात शंका नाही. तरी ती तशी छापू नका.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते कारण माझ्या हातून ही चूक झालेली आहे. माझ्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळायचा. त्याची शेळी होती, एका शिंगाची, आणि शेळीशी बोलताना तो अजिबात अडखळायचा नाही. मी त्यावर लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं. शेळीचं शिंग बदललं नाही, कारण ते मला फार आवडलं होतं. अंक शाळेत आला आणि दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं की हा कोण. त्याला नवीन नाव पडलं, माझ्या गोष्टीतलं. तो माझ्याशी त्यानंतर नीट बोलला नाही, आणि वर्षाच्या शेवटी आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला तो परत आमच्या शाळेत आला नाही. गोष्ट चांगली होती. मी ती पुन्हा कुठेही छापू दिलेली नाही.

बाल न्याय कायदा, २०१५ याच्या कलम ७४ मध्ये आणि पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) कायदा, २०१२ याच्या कलम २३ मध्ये मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. ते कायदे पीडित मुलं किंवा कायद्याच्या प्रक्रियेत आलेली मुलं यांच्यासाठी आहेत, तुमच्या गोष्टीला लागू नाहीत. पण तिथली यादी मी लिहिताना समोर ठेवते: नाव, पत्ता, शाळा, आणि ओळख पटेल असा इतर कोणताही तपशील. माझं शिंग त्या शेवटच्या शब्दांत मोडत होतं. मनू आज सहा वर्षांची आहे आणि तिला पुस्तकात आपलं नाव बघून आनंदच होईल. ती चौदा वर्षांची होईल तेव्हा ते पुस्तक वर्गातल्या कोणाच्या तरी हातात असेल. तिला आत्ता विचारा, नाव बदला, आणि मोठी झाल्यावर ती ‘ही गोष्ट नको’ म्हणाली तर काढून टाकण्याची तयारी ठेवा. शू करण्याची गोष्ट मुलांना हवी असते, फार हवी असते, कारण ती सगळ्यांच्या घरात घडते आणि कोणी बोलत नाही. ती एखाद्या अस्वलाच्या पिल्लाची करा. किंवा तुमच्या स्वतःच्या लहानपणची, तुमच्याच नावाने.

तर बारा गोष्टींची वाटणी मी अशी करेन. चार-पाच आईच्या म्हणून वेगळ्या. नववी बदलून. खोडरबराची आजीशिवाय. उरलेल्यांतून आधी कडीची घ्या, कारण तिच्यात अडचण खरी आहे आणि सोडवणारी मनूच आहे. साडेतीनशे-चारशे शब्दांत ती बसेल. लिहून झाली की दुसऱ्या एखाद्या वर्गात वाचा, लेकीच्या नको, तिथली मुलं मनूला ओळखतात. पेन्सिल जवळ ठेवा. तांदळाचा डबा भरलेला आहे की रिकामा, हे मुलं विचारतीलच, तेव्हा ते जायच्या आधी ठरवून ठेवा.